सगळे वकील, म्हणजे कुणीच नाही

२५ मार्च १९३१. टेनेसी राज्यातल्या चॅटनुगाहून मेम्फिसकडे निघालेली एक मालगाडी अलाबामाच्या ईशान्य टोकातून चालली होती. महामंदीचे दिवस होते. काम शोधत या गावाहून त्या गावाला जाणारी बेकार माणसं अशा मालगाड्यांवर चढून फुकट प्रवास करत; गोरीही आणि काळीही. स्टीव्हनसन गावाच्या आसपास काही गोऱ्या आणि काळ्या पोरांची जुंपली. काळ्या पोरांनी गोऱ्यांना गाडीतून खाली उतरवलं. उतरलेल्यांनी जवळच्या स्टेशनात तक्रार केली, पुढे निरोप गेला आणि पेंट रॉक नावाच्या लहानशा स्टेशनात बंदुका घेतलेल्या गोऱ्यांच्या जमावाने गाडी अडवली.

वेगवेगळ्या डब्यांतून नऊ काळी मुलं खाली ओढली गेली. सगळ्यात मोठा जेमतेम विशीचा, सगळ्यात लहान दोघं तेराच्या आसपास. हेवूड पॅटरसन, यूजीन विल्यम्स आणि अँडी व रॉय राइट हे दोघे भाऊ चॅटनुगाचे, एकमेकांच्या ओळखीचे. बाकीचे पाच जॉर्जियाचे. त्यांनी या चौघांना कधी पाहिलंही नव्हतं. त्यातला ओलेन मॉन्टगोमेरी एका डोळ्याने जवळपास आंधळा होता, दुसऱ्याने थोडंफार दिसे. चष्मा मिळेल या आशेने तो मेम्फिसला निघाला होता. विली रॉबरसनला गुप्तरोगाने इतकं पोखरलं होतं की काठीशिवाय चालणं अवघड. तो दवाखान्यात जायला निघाला होता.

त्याच गाडीतून दोन गोऱ्या तरुणीही उतरल्या. व्हिक्टोरिया प्राइस आणि रुबी बेट्स, दोघी हंट्सव्हिलच्या सूतगिरणीतल्या कामगार. थोड्याच वेळात आरोप पुढे आला: या काळ्यांनी आमच्यावर बलात्कार केला. भटकेपणाच्या गुन्ह्याखाली आपल्यालाच अटक होईल या भीतीपोटी त्या तसं बोलल्या असाव्यात, असं पुढे अनेक अभ्यासकांनी मांडलं. त्या दोघी स्वतःही दारिद्र्याने पिचलेल्या होत्या. त्यांना कुणी आधी कधी ‘बाईसाहेब’ म्हटलं नव्हतं. आरोपाचा शब्द तोंडातून बाहेर पडला आणि अख्खा दक्षिण प्रांत त्यांच्या अब्रूचा राखणदार झाला.

मुलांना तालुक्याच्या गावी, स्कॉट्सबरोला नेलं. संध्याकाळपर्यंत तुरुंगाबाहेर जमाव गोळा झाला. अलाबामात, जॉर्जियात, मिसिसिपीत अशा आरोपाचा शेवट बहुधा झाडाला बांधलेल्या दोरीने होई. शेरीफ वॉन यांनी गव्हर्नर मिलर यांच्याकडे मदत मागितली, नॅशनल गार्डचे सैनिक आले आणि मुलं त्या रात्री वाचली. जमावाच्या हातून वाचली ती कायद्याच्या हाती पडली. कायद्याने पुढच्या दोन आठवड्यांत काय केलं, हे तपशिलात सांगण्यासारखं आहे.

अलाबामाच्या कायद्यातच लिहिलेलं होतं की देहदंडाची शिक्षा होऊ शकेल अशा खटल्यात आरोपीला वकील परवडत नसेल तर न्यायालयाने तो नेमून द्यावा. बलात्काराला देहदंड होता. म्हणजे वकील नेमणं न्यायाधीश आल्फ्रेड हॉकिन्स यांना भागच होतं. ३१ मार्चला मुलांना कोर्टापुढे उभं करून आरोप वाचून दाखवले, तेव्हा हॉकिन्स यांनी एक सोपा मार्ग काढला. कुणा एकाचं नाव घेण्याऐवजी त्यांनी स्कॉट्सबरोच्या बारमधल्या सगळ्याच वकिलांना नेमून टाकलं. गावात सातच वकील होते. सगळ्यांवर सोपवलेलं काम कुणाचंच नसतं. सातांपैकी एक तर सरकारी बाजूने उभा राहिला. बाकीचे एकेक करून बाजूला झाले.

मुलांना कुणी विचारलं नाही, की तुमचा वकील आहे का, हवा आहे का, तुमच्या घरी कुणाला कळवू का. त्यांचे आईबाप दुसऱ्या राज्यांत होते. मुलांतल्या बहुतेकांना लिहितावाचता येत नव्हतं.

६ एप्रिलला खटला उभा राहिला, पेंट रॉकच्या अटकेनंतर बाराव्या दिवशी. तो सोमवार गावातल्या बाजाराचा होता. आसपासच्या डोंगराळ भागातून हजारो माणसं कोर्टाच्या चौकात लोटली. शंभराहून अधिक सैनिक पहाऱ्यावर होते. आत न्यायाधीश आरोपींचा वकील कोण, हे ठरवत होते. खटला पुकारला गेल्यावर!

त्या सकाळचं संभाषण कोर्टाच्या नोंदीत जसंच्या तसं राहिलं आणि पुढे तेच या प्रकरणातली सर्वांत मोठी साक्ष ठरलं. चॅटनुगाहून स्टीफन रॉडी नावाचे एक वकील आले होते. जमीनजुमल्याची कामं करणारे. चॅटनुगाच्या काळ्या धर्मोपदेशकांनी वर्गणी गोळा करून त्यांना पाठवलं होतं. रॉडी उभे राहून म्हणाले की मला आरोपींचा वकील म्हणून कुणी रीतसर नेमलेलं नाही, या प्रकरणाची काळजी असलेल्या काही लोकांच्या विनंतीवरून आलो आहे. अलाबामातल्या कोर्टाची रीत मला ठाऊक नाही, तयारीला वेळही मिळालेला नाही. कोर्टाने जे वकील नेमले असतील त्यांच्याबरोबर मी उभा राहीन. न्यायाधीश म्हणाले, तुम्ही उभे राहत असाल तर मी दुसरं कुणी नेमणार नाही. रॉडी म्हणाले, मी एकटा राहू शकत नाही. असं बराच वेळ चाललं. शेवटी स्थानिक बारमधले मायलो मूडी नावाचे सत्तरीकडे झुकलेले वकील म्हणाले, परिस्थिती पाहता जमेल तेवढी मदत मी करीन. न्यायाधीश म्हणाले, ठीक आहे. नऊ पोरांचा जीव या ‘ठीक आहे’वर टांगला गेला होता.

रॉडींचा मला राग येत नाही. त्या दिवशी त्या चौकातून गोऱ्या जमावाच्या मधून चालत कोर्टात शिरणं सोपं नव्हतं, आणि आपण तयार नाही हे त्यांनी उघड सांगितलं. दोष होता तो हे ऐकूनही खटला पुढे नेणाऱ्याचा. मुलांशी बोलायला वकिलांना अर्धा तासही मिळाला नाही. खटला दुसऱ्या गावी हलवावा हा अर्ज लगेच फेटाळला गेला.

मग चार दिवसांत चार खटले झाले. व्हिक्टोरिया प्राइसची उलटतपासणी जुजबी. वैद्यकीय साक्षीत बचावाच्या कामाचं बरंच काही होतं, पण ते खणून काढायला आधी अभ्यास लागतो. पहिल्या खटल्यात तर बचाव पक्षाने अखेरचं भाषणही केलं नाही. आणखी एक गोष्ट मला यातली सगळ्यात भयंकर वाटते. घाबरलेल्या क्लॅरेन्स नॉरिस या आरोपीने साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं की गुन्हा बाकीच्यांनी केला, मी नाही. एकाच वकिलाचे दोन अशील, आणि एक दुसऱ्याला फासाकडे ढकलतोय. स्वतःचा वकील असता तर त्याने पोराला आदल्या रात्री शेजारी बसवून विचारलं असतं, काय पाहिलंस, खरं काय, धमकी कुणी दिली. तो प्रश्न कुणी विचारलाच नाही.

पहिला निकाल आला तेव्हा पुढच्या खटल्याची ज्यूरी साक्ष ऐकण्यासाठी बसलेलीच होती. बाहेरच्या जमावाचा जल्लोष त्यांना आत ऐकू आला. ९ एप्रिलपर्यंत आठ जणांना विजेच्या खुर्चीची शिक्षा झाली. तेरा वर्षांच्या रॉय राइटच्या बाबतीत मात्र ज्यूरीत एकमत होईना. सरकारी वकिलाने वय पाहून जन्मठेपच मागितली होती, तरी काही पंच देहदंडासाठी अडून बसले. शिक्षेची तारीख ठरली १० जुलै.

तिथून पुढे या मुलांना वकील मिळाले, आणि मिळवण्यासाठी ओढाताणही झाली. कम्युनिस्ट पक्षाशी जोडलेल्या ‘इंटरनॅशनल लेबर डिफेन्स’ने प्रकरण हाती घेतलं. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी जुनी संघटना एनएएसीपी मागाहून जागी झाली. तिने क्लॅरेन्स डॅरो यांच्यासारखा नामांकित वकील आणला, पण दोन संघटनांच्या भांडणात डॅरो बाहेर पडले. आईबापांनी लेबर डिफेन्सची बाजू घेतली. का घेतली हे समजायला फार शहाणपण लागत नाही. ते आधी आले होते आणि त्यांनी आयांना व्यासपीठावर मानाने बसवलं. राइट भावांची आई एडा १९३२ मध्ये युरोपभर सभांतून बोलत फिरली.

मार्च १९३२ मध्ये अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने सात शिक्षा कायम केल्या. यूजीन विल्यम्स अल्पवयीन म्हणून त्याला पुन्हा खटला दिला. सरन्यायाधीश जॉन अँडरसन एकटे विरोधात राहिले. मुलांना न्याय्य खटला मिळालेला नाही, असं त्यांनी आपल्याच सहकाऱ्यांपुढे लिहिलं.

ऑक्टोबर १९३२ मध्ये प्रकरण वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. वकील वॉल्टर पोलॅक यांनी तीन मुद्दे मांडले: खटला निष्पक्ष नव्हता, वकील नाकारला गेला, ज्यूरीतून काळ्यांना वगळलं गेलं. न्यायालयाने फक्त दुसरा घेतला. ७ नोव्हेंबरला सात विरुद्ध दोन मतांनी निकाल आला. लिहिणारे होते न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड. ते सुधारक नव्हते. रूझवेल्टच्या आर्थिक कायद्यांना पुढे कडाडून विरोध करणाऱ्या चार सनातनी न्यायमूर्तींपैकी ते एक. म्हणूनच त्यांच्या शब्दांना अधिक वजन आहे.

सदरलँड यांनी स्कॉट्सबरोच्या नोंदी शांतपणे समोर ठेवल्या. सगळ्या बारला नेमणं ही निव्वळ औपचारिकता, तिने कुणावरच ठोस जबाबदारी येत नाही. आरोप वाचून दाखवल्यापासून खटला उभा राहीपर्यंतचा काळ सगळ्यात महत्त्वाचा. चौकशी, सल्ला, तयारी तेव्हाच व्हायची, आणि नेमका त्याच काळात मुलांना वकील नव्हता. पुढे त्यांनी जे म्हटलं त्याचा आशय असा: शिकलेल्या, बुद्धिमान माणसालाही कायद्याचं तंत्र फारसं कळत नाही, पुराव्याचे नियम त्याला ठाऊक नसतात, तो निर्दोष असला तरी आपलं निर्दोषपण सिद्ध कसं करावं हे त्याला माहीत नसतं. मग अडाणी, परक्या गावी सैनिकांच्या गराड्यात उभ्या असलेल्या पोराचं काय? वकिलाशिवाय म्हणणं मांडण्याचा हक्क पोकळ ठरतो.

निकाल अरुंद होता. देहदंडाचा खटला, वकील परवडत नाही, आणि स्वतःची बाजू मांडण्याची क्षमता नाही, इतक्या अटी त्याला जोडलेल्या होत्या. साध्या फौजदारी खटल्यातल्या गरीब आरोपीपर्यंत तो हक्क पोहोचायला १९६३ उजाडलं. फ्लोरिडाच्या तुरुंगातून क्लॅरेन्स गिडियन नावाच्या कैद्याने पेन्सिलीने लिहून पाठवलेल्या अर्जावर तो निकाल लागला. लिहिला तो न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी. स्कॉट्सबरोचा खटला चालू असताना हेच ब्लॅक अलाबामाचे सिनेटर होते.

पण वकील मिळाला म्हणजे न्याय मिळाला असं झालं नाही. १९३३ च्या वसंतात डिकेटर गावी हेवूड पॅटरसनचा खटला पुन्हा उभा राहिला. न्यूयॉर्कचे सॅम्युएल लीबोविट्झ फी न घेता आले. अमेरिकेतल्या सर्वांत नावाजलेल्या फौजदारी वकिलांपैकी एक. त्यांनी त्या मालगाडीची हुबेहूब छोटी प्रतिकृती कोर्टात मांडली. तपासणारे डॉक्टर ब्रिजेस यांच्या साक्षीतून त्यांनी काढून घेतलं की अटकेनंतर लवकरच तपासलं तेव्हा दोघी मुली शांत होत्या, तशा प्रसंगात व्हाव्यात अशा जखमा नव्हत्या, आणि सापडलेले शुक्रजंतू हालचाल करत नव्हते. स्कॉट्सबरोतही हेच डॉक्टर साक्षीला होते. तेव्हा विचारणारं कुणी नव्हतं.

मग रुबी बेट्स बचावाच्या बाजूने साक्षीला आली आणि बलात्कार झालाच नाही असं तिने सांगितलं. सरकारी वकिलांपैकी एकाने ज्यूरीला आवाहन केलं की अलाबामाचा न्याय न्यूयॉर्कच्या ज्यू पैशाने विकत घेता येत नाही हे दाखवून द्या. ज्यूरीने पॅटरसनला पुन्हा दोषी ठरवलं.

न्यायाधीश जेम्स हॉर्टन त्याच मातीतले, जुन्या प्रतिष्ठित घराण्यातले. खटल्यादरम्यान त्यांनी भर कोर्टात बजावलं होतं की कैद्यांवर हात टाकायला कुणी आलं तर पहारेकरी गोळी घालतील. २२ जून १९३३ ला त्यांनी ज्यूरीचा निर्णय रद्द केला. पुराव्याचा एकेक धागा उलगडून त्यांनी लिहिलं की फिर्यादीच्या कहाणीला आधार नाही, उलट तिच्याविरुद्धच पुरावा आहे. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत ते पडले.

पुढचं सारं लांबलचक आहे, थोडक्यात सांगतो. नवा न्यायाधीश आला, पुन्हा देहदंड. १ एप्रिल १९३५ ला सर्वोच्च न्यायालयाने ज्यूरीतून काळ्यांना पद्धतशीर वगळल्याच्या मुद्द्यावर पुन्हा शिक्षा रद्द केल्या; ज्यूरीच्या यादीत काळ्यांची नावं मागाहून घुसडली होती, हे न्यायमूर्तींनी भिंगातून पाहून घेतलं. १९३६ मध्ये पॅटरसनला ७५ वर्षांची शिक्षा झाली. १९३७ मध्ये चौघांवरचे आरोप मागे घेतले गेले. त्यांत मॉन्टगोमेरी आणि रॉबरसन होते, जे पहिल्याच दिवशी सुटायला हवे होते. बाकीचे वर्षानुवर्षं तुरुंगात राहिले. अँडी राइट शेवटचा, १९५० मध्ये बाहेर आला. क्लॅरेन्स नॉरिसला १९७६ मध्ये गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी माफी दिली. पॅटरसन, अँडी राइट आणि नऊ जणांतलाच वीम्स यांना मरणोत्तर माफी मिळाली ती २०१३ मध्ये.

हे प्रकरण सांगताना एका गैरवापराची भीती मनात असते. ‘बायका खोटे आरोप करतात’ हे सिद्ध करायला स्कॉट्सबरो पुढे करणारे लोक आहेत. आपल्याकडचा अनुभव उलटा आहे. त्यावेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. त्याविरुद्ध १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिणाऱ्या चौघांत रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धगमवार होते. त्यांनी न्यायमूर्तींच्या तर्कावर हल्ला चढवला, संमती आणि शरणागती यांतला फरक दाखवला. पोलिसांना वकील मिळायला नको होता असं त्या पत्रात कुठेही नाही. पीडितेची बाजू सगळ्यात जोरकसपणे मांडणाऱ्यांना ती मागणी करावीशी वाटली नाही.

सदरलँड यांचा निकाल भारतात फार लवकर पोहोचला. हैदराबादच्या सशस्त्र लढ्यात देहदंड झालेल्या कैद्यांच्या १९५१ च्या याचिकांत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची चर्चा केली. त्या कैद्यांना मात्र दिलासा मिळाला नाही. आपल्या घटनेच्या २२ व्या अनुच्छेदात पसंतीच्या वकिलाचा हक्क होताच. गरिबाला तो सरकारने पुरवावा हे १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात ठामपणे सांगितलं.

तरीही ‘आम्ही याचं वकीलपत्र घेणार नाही’ असे ठराव होत राहिले. डिसेंबर २०१० मध्ये कोइम्बतूरच्या बारच्या अशाच एका ठरावावर निकाल देताना न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी लिहिलं की आरोपी पोलीस असो, दहशतवादाचा संशयित असो, बलात्काराचा आरोपी असो, असे सर्व ठराव बेकायदा आणि शून्यवत आहेत. मुंबईला हा प्रश्न त्याआधीपासून छळत होता. २६/११ च्या खटल्यात वकीलपत्र घेणाऱ्या अंजली वाघमारे यांच्या वरळीच्या घरावर मोर्चा गेला. त्याच खटल्यातल्या एका सहआरोपीचे वकील शाहीद आझमी यांची फेब्रुवारी २०१० मध्ये कुर्ल्याच्या कार्यालयात गोळ्या घालून हत्या झाली. तीन महिन्यांनी त्यांचा अशील निर्दोष सुटला.

काटजूंच्या निकालानंतर दोन वर्षांनी दिल्लीच्या साकेत कोर्टातल्या वकिलांनी डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या आरोपींचं वकीलपत्र न घेण्याचं ठरवलं. त्या संतापात मीही होतो आणि तो मला आजही रास्त वाटतो. पण त्या आरोपींना वकील मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने अपिलात दोन ज्येष्ठ वकिलांना न्यायालयाचे सहायक म्हणून नेमलं, त्यांनी प्रत्येक त्रुटी नेटाने दाखवली, आणि ते सारं ऐकून मे २०१७ मध्ये शिक्षा कायम झाली. तो निकाल जमावाचा होता असं कुणी म्हणू शकत नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्यक स्त्रीवर बलात्कार करून तिला मारलं गेलं. चौघांना अटक झाली. शादनगरच्या बारने त्यांचं वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला. ६ डिसेंबरच्या पहाटे पोलिसांनी चौघांनाही गोळ्या घातल्या आणि देशभर पेढे वाटले गेले. नागपूरचे निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं की पोलिसांची चकमकीची कहाणी विश्वास ठेवण्याजोगी नाही, गोळ्या मारण्याच्याच हेतूने झाडल्या गेल्या, आणि चौघांपैकी तिघं अल्पवयीन होते. त्या स्त्रीवर अत्याचार कुणी केला, कुणाचा वाटा किती, हे कोणत्याही कोर्टात साक्षीपुराव्याने कधीच तपासलं गेलं नाही. तिच्या घरच्यांनाही ते कोर्टाच्या तोंडून ऐकायला मिळालेलं नाही.